शिबिरानंतर रक्तपेढीतून फोन आला, आता काय करू?

धानबांधी | ८ फेब्रुवारी, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. एरवी मी झाडीपट्टीच्या नाटकांच्या धाग्यांवरच पडीक असतो, पण आज दुसराच घोर लागला आहे.

आमचं गाव वडश्यापासून वीसेक किलोमीटर, वैनगंगेच्या बाजूला. मंडळातर्फे २६ जानेवारीला शाळेच्या वऱ्हांड्यात रक्तदान शिबीर घेतलं. तिसरं वर्ष. ५८ जणांनी नावं दिली, ४१ पिशव्या झाल्या. बाकीचे हिमोग्लोबिन नाहीतर वजनात अडकले. (बाया १९ आल्या होत्या, त्यातल्या १३ जणी तशाच परत गेल्या. तो वेगळाच धागा होईल.)

चार दिवसांपूर्वी मला रक्तपेढीतून फोन आला. बाईंनी एका पोराचं नाव घेतलं, "तेच बोलता का?" मी म्हटलं, तो नाही, मी मंडळाचा अध्यक्ष, काय काम होतं? त्या जरा थबकल्या. "त्यांना एकदा येऊन भेटायला सांगा, बाकी काही नाही," म्हणाल्या आणि ठेवला.

आता गावभर झालं आहे की त्याचं रक्त खराब निघालं, पिशवी फेकून दिली. कसं पसरलं कोणास ठाऊक. पोराचं लग्न जुळलं आहे, एप्रिलमधली तारीख आहे. तीन दिवस झाले तो शेतावरच झोपतो, गावात येत नाही. त्याला नेमकं काय झालं असेल? मी रक्तपेढीत जाऊन विचारू का? आणि पुढच्या वर्षी शिबीर घ्यावं की नाही? कारण दोन जणांनी आत्ताच सांगितलं, "पुढच्या साली आमचं नाव लिहू नका."


मोहफूल | ८ फेब्रुवारी, रात्री १०.०५

त्या पोराच्या नावाचा फोन तुमच्या नंबरवर काहून आला, हे आधी सांगा.


सावजी_रस्सा | ८ फेब्रुवारी, रात्री १०.११

राजेहो, रक्त खराब निघालं म्हणजे का? आमच्या बुढ्याचं तर सारं गाव म्हनते का याचं रक्तच खराब हाये, पन तो ब्यांशी वर्षाचा होऊन रायला.


झेंडूबाई | ८ फेब्रुवारी, रात्री १०.३०

रस्साभाऊ, थट्टेची वेळ नाही ही.

धानबांधीदादा, पिशवी काय एड्ससाठीच फेकतात असं नाही. पाच गोष्टी तपासतात: एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, गुप्तरोग (सिफिलिस) आणि मलेरिया. आपल्या भागात तर मलेरियाचीच शंका आधी घ्यावी. त्याला फक्त "भेटायला या" म्हटलंय. गावानं मात्र एकदम शेवटचं पान वाचलं.


एलायझावाली | ८ फेब्रुवारी, रात्री ११.१५

मी पूर्व विदर्भातल्या एका रक्तपेढीत अकरा वर्षं तंत्रज्ञ आहे. कुठल्या ते विचारू नका.

दादा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: रक्तपेढीत जाऊन विचारू नका. तुम्हाला कोणी सांगणार नाही, आणि सांगितलं तर सांगणाऱ्याची चूक. तो निकाल फक्त त्या पोराचा आहे. मंडळाचा नाही, सरपंचाचा नाही, त्याच्या बापाचाही नाही. एचआयव्हीबद्दल तर २०१७ चा कायदाच आहे, तो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय कोणाची स्थिती उघड करायची नाही, असं त्यात स्पष्ट आहे.

आता पहिला प्रश्न. आमच्याकडे काय होतं ते सांगते, म्हणजे "खराब निघालं" या शब्दाची किंमत कळेल. पिशवी भरते तेव्हाच दोन छोट्या नळ्यांत वेगळं रक्त घेतात. पिशवी फ्रिजमध्ये, पण तपासणी न झालेल्यांच्या वेगळ्या कप्प्यात. तिथून ती हलत नाही. नळ्या फिरवल्या की वर पिवळसर पाणी येतं, ते एलायझाच्या, म्हणजे रंग बदलून आजार दाखवणाऱ्या चाचणीच्या, प्लेटमध्ये घालायचं. प्लेट तळहाताएवढी आणि तिला ९६ घरं. एका घरात एक डोनर. काही घरं आमची ठेवणीतली, ज्यांचं उत्तर आधीच माहीत असतं. ती चुकली तर अख्खी प्लेट रद्द. मग तापवणं, धुणं, पुन्हा तापवणं, पुन्हा धुणं, दोन-तीन तास जातात. शेवटी रंगाचं औषध पडलं की चांगली घरं पाण्यासारखी राहतात. एखादं घर निळं होऊ लागतं आणि त्यावर आम्ल टाकलं की हळदीसारखं पिवळं. अकरा वर्षं झाली, तरी पिवळं घर दिसलं की मी आधी ओळ मोजते, मग घर मोजते, मग परत ओळ मोजते. कारण एक घर इकडचं तिकडं झालं तर दुसऱ्याच माणसाला फोन जाईल.

त्या घराला आम्ही "रिॲक्टिव्ह" म्हणतो. "पॉझिटिव्ह" म्हणत नाही, आणि हा फरक उगाच केलेला नाही. आमच्या चाचण्या मुद्दाम संशयी ठेवलेल्या असतात. दहा चांगल्या पिशव्या गेल्या तरी चालेल, एक वाईट सुटायला नको. म्हणून नमुना परत लावतो, आणि शंका उरली तरी पिशवी नष्ट करतो. पण माणसावर शिक्का मारण्याआधी पुढच्या वेगळ्या चाचण्या होतात, त्यासाठीच त्याला बोलावतात. काही जण तिथून "काही नाही" असं ऐकून घरी जातात.


पाचवा_मैल | ९ फेब्रुवारी, सकाळी ७.२०

ताईंचं खरं आहे, मी त्यातलाच. नर्सिंगला असताना कॉलेजात कावीळ बीची लस टोचली आणि आठवड्याच्या आत शिबिरात रक्त दिलं. फॉर्मवर "लस घेतली का" हा प्रश्न होता, मी वाचलाच नाही. पंधरा दिवसांनी फोन. आई देवापुढे बसली. नंतर कळलं की लसीतच त्या विषाणूच्या वरच्या आवरणाचा भाग असतो आणि चाचणी नेमकी तेवढंच शोधते. थोड्या दिवसांनी परत तपासलं, कोरं. पण त्या मधल्या दिवसांत मी माझं ताट वेगळं घासत होतो.


मोहफूल | ९ फेब्रुवारी, सकाळी ८.०२

धानबांधीभाऊ, माझा प्रश्न तसाच राहिला. फोन तुमच्याकडे कसा?


धानबांधी | ९ फेब्रुवारी, सकाळी ९.१५

लपवत नाही आता. त्या दिवशी गर्दी झाली, फॉर्म भरायला आम्ही दोघंच. सहा-सात पोरांकडे स्वतःचा फोन नव्हता, नाहीतर नंबर पाठ नव्हता. मी म्हटलं, टाका माझा, मी निरोप देतो. चांगल्या मनानं केलं हो.

आणि दुसरंही सांगून टाकतो. फोन आला तेव्हा मी पानठेल्यावर होतो. हातात खर्रा, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. पानठेलेवाला नि आणखी दोघं होते. त्यांनी नाव ऐकलं, "रक्तपेढीतून" ऐकलं. झालं.


सावजी_रस्सा | ९ फेब्रुवारी, सकाळी ९.२१

हात जोडले बाप्पा! विदर्भात आकाशवानी नागपूर, अकोल्याले हाये. आनखी एक केंद्र पानठेला.


लालडब्बा_एसटी | ९ फेब्रुवारी, सकाळी ९.४०

पोराचं आयुष्य टांगलंय आणि कारण काय, तर खर्रा. तंबाखूचे तोटे पाकिटावर लिहितात, त्यात हा पण लिहा.


रोखठोक_अकोला | ९ फेब्रुवारी, सकाळी ११.०५

सगळे त्या पोराचीच बाजू घेत आहेत. ज्या पोरीशी लग्न ठरलं तिचं काय? तिच्या बापाला कळायला नको? माझी मुलगी असती तर मी रक्तपेढीच्या दारात बसलो असतो. गुप्तता गुप्तता म्हणत एखाद्या पोरीला विहिरीत ढकलायचं का?


एलायझावाली | ९ फेब्रुवारी, दुपारी १.३०

रोखठोक, तुमचा राग मला समजतो, तो चुकीचा नाही. पण ते कोणी आणि कसं सांगायचं याची वाट ठरलेली आहे. आधी पोराला स्वतःला कळू द्या, कारण आज त्यालाही माहीत नाही. काही निघालंच तर समुपदेशक त्याच्याशी बसून बोलतो. जोडीदाराला कसं सांगायचं, केव्हा सांगायचं, तपासणीला सोबत कसं आणायचं, हे सगळं तिथं होतं. जोडीदाराला सांगण्याबद्दल कायद्यातही तरतूद आहे, पण ती डॉक्टर आणि समुपदेशकासाठी, पानठेल्यासाठी नाही.

आणि यातलं बरंचसं बरं होणारं किंवा काबूत राहणारं आहे. कावीळ सी गोळ्यांनी बरी होते, बहुतेकांना तीन महिने पुरतात. सरकारचा कावीळ नियंत्रण कार्यक्रम जुलै २०१८ मध्ये सुरू झाला, त्यात औषध फुकट आहे. कावीळ बी असेल तर होणाऱ्या बायकोला लस देऊन वाचवता येतं. सिफिलिसला पेनिसिलिन. एचआयव्हीच्या गोळ्या नीट घेतल्या तर माणूस म्हातारा होतो, संसार करतो. लग्न मोडायचं की नाही हे त्या दोघांनी ठरवायचं, पण समोर कागद ठेवून.


सिकलवाली_आई | ९ फेब्रुवारी, दुपारी ३.१०

मी सहसा वाचते, लिहीत नाही.

माझा मुलगा बारा वर्षांचा, एसएस आहे, म्हणजे त्याला सिकलसेलचा आजार आहे. मी आणि त्याचे बाबा दोघंही एएस, म्हणजे नुसते वाहक. लग्न जमलं तेव्हा कोणी तपासायला सांगितलं नाही, पत्रिका तेवढी जुळवली. आत्तापर्यंत त्याला अकरा पिशव्या रक्त लागलं. म्हणजे अकरा वेगवेगळी माणसं. मी त्यातल्या एकालाही ओळखत नाही. पहिली पिशवी लागली तेव्हा तो तीन वर्षांचा होता आणि मी थेंब मोजत बसले होते. पिशवीवरच्या चिठ्ठीत तारीख, गट आणि पाच चाचण्यांची नावं, पुढं प्रत्येकीच्या "निगेटिव्ह". मी ती चिठ्ठी दर वेळी वाचते. नर्स हसतात, म्हणतात, "ताई, आम्ही वाचली आहे." वाचली असेल. मीही वाचते.

दर सहा महिन्यांनी त्याची एचआयव्ही आणि काविळीची तपासणी करून घेते. २०२२ मध्ये नागपुरात थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्ही झाल्याची बातमी आली होती, त्यातलं एक मूल दगावलं. ती मुलं दर पंधरा-वीस दिवसांनी रक्त घेतात. त्या आठवड्यात मला झोप नव्हती. ज्यांना आयुष्यात एखाद्या वेळी रक्त लागतं त्यांच्यासाठी हा धोका किरकोळ आहे. आमच्यासाठी तो प्रत्येक पिशवीबरोबर परत सुरू होतो.

दादा, तुमच्या शिबिरातल्या ४१ पिशव्यांपैकी एक फेकली म्हणून तुमचं गाव घाबरलं. मी ते वाचलं तेव्हा मला उलट वाटलं. फेकली म्हणजे कोणीतरी नीट पाहिलं.


झेंडूबाई | ९ फेब्रुवारी, दुपारी ३.२५

ताई. काय बोलावं सुचत नाही. बाळाला आशीर्वाद.


मुळामुठा | ९ फेब्रुवारी, दुपारी ४.४०

पण मग चिठ्ठीवर निगेटिव्ह लिहिलेलं असताना त्या मुलांना लागण झाली कशी? कोणीतरी हलगर्जी केली असणार ना.


एलायझावाली | ९ फेब्रुवारी, सायंकाळी ६.००

त्या प्रकरणात नेमकं काय झालं यावर मी बोलणार नाही. पण हलगर्जी नसतानाही हे होऊ शकतं, ते सांगते.

धान पेरल्यावर पहिले काही दिवस बांधीत काय दिसतं? चिखल. बी आत आहे, पण कोंब वर यायचा आहे. रक्ताचं तसंच. लागण झाली त्या दिवसापासून चाचणीला ती सापडेपर्यंत मधे जो काळ जातो त्याला विंडो पिरियड म्हणतात. विषाणू रक्तात आहे, पिशवीत आहे, पण चाचणी कोरी. एचआयव्हीसाठी एलायझाला साधारण दोन-तीन आठवडे लागतात, कावीळ बीला पाच-सहा आठवडे आणि कावीळ सीच्या प्रतिपिंडांना दोन महिन्यांच्या आसपास.

नॅट नावाची चाचणी थेट विषाणूचं जनुक शोधते, त्यामुळे हा काळ कमी होतो. एचआयव्हीला दहा-अकरा दिवस, सीला आठवडाभर, बीला तीनेक आठवडे. कमी होतो. शून्य होत नाही. शून्य करणारी चाचणी जगात नाही.


मुळामुठा | ९ फेब्रुवारी, सायंकाळी ६.२०

मग नॅट सक्तीची का नाही? पुण्यात बऱ्याच रक्तपेढ्या करतात. मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे आणि आपण पैसे मोजतोय?


कापूसकोंड्या | ९ फेब्रुवारी, सायंकाळी ७.०५

पुण्यात बसून सक्तीची करणं सोपं आहे. नागपुरातही नॅट करणारे आहेत. पण आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात रक्त साठवायचं फ्रिज आहे, बाईचं बाळंतपण अडलं की तिथल्या दोन पिशव्यांवर सगळं. त्या पिशव्या येतात जिल्ह्याहून. नॅटचं यंत्र महाग, किट महाग, चालवायला माणूस शिकलेला लागतो, आणि जिथं दिवसाला दहा पिशव्या येतात तिथं ते परवडत नाही. उद्या सक्ती केली तर छोट्या रक्तपेढ्या बंद पडतील, आणि बाळंतीण शंभर किलोमीटरवर पाठवावी लागेल. रक्त न मिळून मरणं आणि रक्तातून आजार लागणं, यातलं आमच्याकडे पहिलं जास्त दिसतं.


सिकलवाली_आई | ९ फेब्रुवारी, रात्री ८.१५

कापूसकोंड्या, मला दोन्ही भीती एकाच वेळी आहेत, म्हणून मला निवडायला सांगू नका. यंत्र प्रत्येक जिल्ह्यात नको. नमुन्याच्या नळ्या गाडीने नागपूरला जाऊ शकतात ना? दूध रोज जातं.


एलायझावाली | ९ फेब्रुवारी, रात्री ८.४०

जाऊ शकतात, ताई. अवघड आहे, पावसाळ्यात नाले भरले की आणखी अवघड, पण अशक्य म्हणणार नाही. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, त्यांच्यासाठी निकालाची वाट पाहणं जड जातं. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, त्यांना एक दिवस थांबता येतं. निदान सिकलसेल-थॅलेसेमियाच्या मुलांच्या पिशव्यांना तरी नॅट व्हावी, असं माझं स्वतःचं मत. माझ्या वरिष्ठांना ते आवडत नाही.


जुना_खांब | ९ फेब्रुवारी, रात्री ९.३०

मी आता सत्तरीत आहे. १९८० च्या सुमारास वडिलांना नागपूरला नेलं, ऑपरेशन होतं. रक्त आणा म्हणाले. दवाखान्याबाहेर झाडाखाली माणसं बसलेली असायची, त्यांना सगळे ओळखायचे. पैसे दिले की उठायचे. एकाचा हात मला अजून आठवतो, कोपरापाशी नुसत्या टोचण्यांचे डाग. दारूचा वास येत होता. आम्ही घेतलं, करतो काय. तेव्हा ना एचआयव्हीचं नाव होतं ना चाचणी.

एचआयव्हीची तपासणी १९८९ पासून सक्तीची झाली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रक्त विकणाऱ्यांचा धंदा बंद करायला सांगितलं आणि १ जानेवारी १९९८ पासून तो बंद झाला. कावीळ सीची चाचणी त्याहून उशिरा, २००१ मध्ये. म्हणून शिबिरं बंद करायची भाषा कोणी केली की मला ते झाड दिसतं. शिबिरं नसली की रक्ताची गरज संपत नाही, झाडाखालची माणसं परत येतात.


रोखठोक_अकोला | ९ फेब्रुवारी, रात्री ९.५०

मी तर म्हणतो शिबिराचं रक्त घ्यायचंच नाही. आपल्या माणसाला आपल्याच माणसाचं. भावाचं भावाला. खात्रीचा माल.


एलायझावाली | ९ फेब्रुवारी, रात्री १०.१०

रोखठोक, सगळ्यात जास्त लपवाछपवी मी तिथंच पाहिली आहे. साळा आयसीयूत आहे, सासरे, बायको, मेव्हणी दारात उभे. अशा वेळी जावई फॉर्मवर लिहील का, की मागच्या महिन्यात मी कुठं गेलो होतो? तो "नाही, नाही, नाही" अशा खुणा करत जातो. शिबिरात आलेल्यावर तेवढा दाब नसतो. शिवाय अगदी जवळच्या नातेवाइकाचं रक्त घेतलं तर देणाऱ्याच्या पांढऱ्या पेशी घेणाऱ्याच्या शरीरात तग धरून त्याच्यावरच उलटण्याचा दुर्मिळ पण जीवघेणा धोका असतो. म्हणून ते किरणोत्सर्ग देऊन वापरावं लागतं, आणि ती सोय सगळीकडे नाही.

आमच्या ९६ घरांच्या प्लेटआधी एक तपासणी होते, ती म्हणजे तो फॉर्म. विंडो पिरियडमधला माणूस फक्त तिथंच सापडतो, स्वतः खरं बोलला तर. आणि तो खरं कधी बोलेल? शेजारी काकू बसून "अरे लिही ना पटकन" म्हणत नसतील तेव्हा. दादा, तुमच्याकडे फॉर्म कुठं भरले?


धानबांधी | ९ फेब्रुवारी, रात्री १०.२५

वऱ्हांड्यात एक लांब बाक. सगळे एका ओळीत. मी मोठ्यानं प्रश्न वाचत होतो, ते हो-नाही सांगत होते. वेळ वाचावा म्हणून.


मोहफूल | ९ फेब्रुवारी, रात्री १०.२७

मोठ्यानं??


सावजी_रस्सा | ९ फेब्रुवारी, रात्री १०.३१

"दोन नंबरचे संबंध हायेत का रे?" "नाई काका." बाजूले त्याचा मामा बसून. लिहा, नाई.


पोट्टा_नागपूरचा | १० फेब्रुवारी, सकाळी १०.००

भाऊ आपला पन किस्सा. महाशिवरात्रीच्या यात्रेत हातावर तिचं नाव गोंदवलं, एकाच सुईनं त्यानं साऱ्या लायनीचे हात गोंदवले. दोन महिन्यांनी कॉलेजात शिबीर, डॉक्टरनं हात पायला आन म्हने वर्षभर रक्त द्यायचं नाई. म्या म्हटलं सर, काहून? म्हने, त्या सुईनं तुझ्या आधी कोनाकोनाचं नाव लिवलं तुले माहीत हाये का? वर्षभरानं रक्त द्याले गेलो तं ती पन नव्हती, नाव तेवढं होतं.


झेंडूबाई | १० फेब्रुवारी, सकाळी १०.२०

हसले, पण त्या डॉक्टरांचं बरोबर आहे.

अवांतर होतंय, तरी बायांचा विषय काढलाच आहे तर बोलते. १९ पैकी १३ परत. बोटाला टोचून थेंब त्या निळ्या पाण्यात टाकतात, मोरचुदाचं पाणी असतं ते. थेंब बुडला तर पास, तरंगला तर नापास. साडेबाराच्या वर हिमोग्लोबिन असेल तरच बुडतो. आमच्या गावी एकीचा थेंब वर तरंगत राहिला तर तिची सासू म्हणे, "पाहा, माझ्या सुनेचं रक्त हलकं, म्हणून कामात पण हलकी." रोवणीचं दीड महिना वाकून केलं त्या पोरीनं, घरात सगळ्यांचं झाल्यावर जेवते, रक्त जड कुठून होणार?


जुना_खांब | १० फेब्रुवारी, सकाळी ११.००

बुडेल तो पास, अशी परीक्षा मी पहिल्यांदाच ऐकली.


लालडब्बा_एसटी | १० फेब्रुवारी, दुपारी १२.४५

एक विचारू का, कोणी मारू नका. मी तीन वर्षांपूर्वी रक्त दिलं ते खरं तर स्वतःची तपासणी व्हावी म्हणून. काही शंका होती, दवाखान्यात विचारायची लाज वाटली. म्हटलं, रक्त दिलं की पाचही तपासण्या फुकट होतील, फोन नाही आला म्हणजे सुटलो. फोन आला नाही. चुकलं का?


एलायझावाली | १० फेब्रुवारी, दुपारी २.००

मारत नाही, पण हो, फार चुकलं. शंका ताजी असेल तर तुम्ही नेमके त्या विंडोमध्ये होतात, आणि ती पिशवी कोणाला तरी लागली असेल. शंका आहे म्हणून रक्त द्यायचं, हे सगळ्यात उलटं. सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत (समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) एचआयव्हीची तपासणी फुकट होते, समुपदेशक तुमच्या एकट्याशी बसून बोलतो, गावात फोन करत नाही. आता तीन वर्षं झाली, तरी एकदा जाऊन या.

आणि "फोन नाही आला म्हणजे ठणठणीत" हे पण डोक्यातून काढा. नंबर चुकीचा असला की फोन येत नाही. धानबांधीदादांना विचारा.


लालडब्बा_एसटी | १० फेब्रुवारी, दुपारी २.१०

जातो. सोमवारी.


सिकलवाली_आई | १० फेब्रुवारी, दुपारी २.३०

जाऊन या, भाऊ. मी काही म्हणत नाही तुम्हाला.


रोखठोक_अकोला | १० फेब्रुवारी, दुपारी ४.१५

मोठ्यानं फॉर्म वाचण्याचं ऐकून मी गप्प झालो. तरी पोरीच्या बापाचा मुद्दा मी सोडलेला नाही.

धानबांधी, तुम्ही आता त्या पोराकडे जाल की नाही?


धानबांधी | १० फेब्रुवारी, रात्री ११.४०

जाऊन आलो. रात्री बॅटरी घेऊन शेतावर गेलो. लाखोळीची राखण करत बसला होता. मी म्हटलं, बाबू, चूक माझी आहे, तुझी नाही. तुझा निरोप तुझ्याआधी मी गावाला दिला. तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "काका, मले काय झालं हाये?" मी म्हटलं मला माहीत नाही, आणि तू सांगितल्याशिवाय मला माहीत करून घ्यायचंही नाही. ताईंनी लिहिलेलं सगळं त्याला वाचून दाखवलं, पिवळ्या घराचं दोनदा. रक्तपेढीचा नंबर त्याच्या मित्राच्या नाही, त्याच्या स्वतःच्या हातावर पेनानं लिहिला. उद्या सकाळच्या बसनं जातो म्हणाला. सोबत येऊ का विचारलं, नको म्हणाला.


एलायझावाली | १० फेब्रुवारी, रात्री ११.५५

बरं केलंत.


मोहफूल | २ मार्च, सकाळी ९.००

धागा वर काढतो. पुढं काय झालं?


धानबांधी | ४ मार्च, रात्री ८.३०

तो गेला होता, एवढं माहीत आहे. नंतर दोनदा परत गेला. काय निघालं ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. लग्नाची तारीख एप्रिलवरून मेमध्ये गेली, घरच्यांनी कारण पंचांगाचं सांगितलं. पानठेल्यावर त्याचे दहा अर्थ निघाले. मी तिथं आता खर्रा घेत नाही. म्हणजे घेतो, पण उभा राहत नाही.

मागच्या आठवड्यात वडश्याच्या स्टँडवर तो आणि ती पोरगी रसवंतीवर दिसले. रोखठोकभाऊ, ती सोबत होती. तिच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, तीत दवाखान्याच्या कागदासारखं काहीतरी. दोघं एकाच बाकावर रस पीत होते. मी दुसऱ्या दारानं निघून गेलो.


रोखठोक_अकोला | ४ मार्च, रात्री ९.००

ती सोबत होती म्हणजे मला उत्तर मिळालं.


एलायझावाली | ४ मार्च, रात्री ९.२०

शिबिराचं काय ठरलं?


धानबांधी | ४ मार्च, रात्री १०.०५

घेणार. मंडळात भांडण झालं, दोघं फुटले, पण घेणार. मंडपवाल्याला दोन पडदे जास्तीचे सांगितले आहेत. फॉर्मचं टेबल वर्गात, एका वेळी एकच माणूस आत, आमच्यातला कोणी नाही, रक्तपेढीचेच लोक विचारतील. वेळ लागला तर लागला. बायांसाठी आशाताईंनी आत्तापासून लोहाच्या गोळ्या सुरू करायच्या म्हटलं आहे, पाहू किती थेंब बुडतात.

फोन नसलेल्यांचा प्रश्न मात्र सुटत नव्हता. आशाताईंचा नंबर द्यावा तर परत तेच. शेवटी असं ठरलं की ज्यांच्याकडे फोन नाही त्या सगळ्यांनी पंधरा दिवसांनी स्वतःच रक्तपेढीत जाऊन विचारायचं, बसभाडं मंडळ देणार. एकटा गेला तर गावाला कळतं कोण गेलं. सातही जण एकाच बसमध्ये बसले तर कोणाला काय कळणार?


सावजी_रस्सा | ४ मार्च, रात्री १०.१२

आठवा मी येतो. येताना सावजीत मटन खाऊन येऊ, गावाले वाटन पार्टीले गेल्ते.


धानबांधी | ४ मार्च, रात्री १०.१५

बसभाडं देतो म्हटलं, मटण नाही.